साडूंच्या ओट्यावर तीनदा

आमच्या गावात चोरी झाली की दोन ठिकाणी कळवावं लागतं. एक पोलीस ठाण्यात आणि एक माझ्या साडूंना. त्यातही आधी साडूंना, मग ठाण्याला. चोरांना मत देता येत असतं तर त्यांनी माझ्या साडूंना तालुक्याबाहेर पाठवायचा ठराव एकमतानं केला असता, आणि खरं सांगतो, त्या ठरावावर मीही हळूच सही ठोकली असती. कारण मला त्यांचा हेवा वाटतो. आज वाटतो असं नाही, लग्नाच्या मांडवापासून वाटतो.

हे साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ईट या बाजारगावाच्या अलीकडे आमची सासुरवाडी. साडू तिथं घरजावई म्हणून आले आणि सगळ्या गावाचे ‘दाजी’ झाले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, बदली मागून त्याच गावात आलो, घर बांधलं, तीस वर्षं गावच्या तीन पिढ्यांना शुद्धलेखन शिकवलं. म्हणजे जावई मीही त्याच गावचा. पण गावात नुसतं ‘दाजी’ म्हटलं की ते. मी ‘गुरुजी’. माझ्या सख्ख्या मेव्हण्यानं एकदा रस्त्यात “ओ दाजी” म्हणून हाक मारली, मी आनंदानं वळलो, तर माझ्या पाठीमागून साडू येत होते.

साडूंचं शिक्षण सातवी. त्यातली सातवी दोनदा. सही करताना जीभ बाहेर येते. आणि मी मराठीचा शिक्षक. माझी हस्तलिखितं पंचायत समितीच्या भिंतीवर लागलेली. मग फिर्याद कुणाकडून लिहून घ्यावी? कुणाची मोटार विहिरीवरून गेली, कुणाची केबल कापली, कुणाची एसटी स्टँडवर पर्स मारली, की माणूस माझ्या दारावरून, माझ्याकडे न बघता, तडक साडूंच्या ओट्यावर. निवृत्त झाल्यावर मी रंगाऱ्याकडून एक पाटी करून घेतली, ‘मोफत तक्रार लेखन व मार्गदर्शन’, आणि दारावर लावली. तिसऱ्या दिवशी एक बाई आली. मी चष्मा पुसला, कागद ओढला. ती म्हणाली, “गुरुजी, दाजींचं घर हेच का पुढचं?” मी हातानं पुढचं दाखवलं.

साडूंची एक रीत आहे आणि ती त्यांनी आजतागायत मोडलेली नाही. आलेल्या माणसाला ते आधी जेवायला घालतात. पिठलं असो, शेंगदाण्याची चटणी असो, पोटात भाकरी गेल्याशिवाय एक शब्द ऐकत नाहीत. “उपाशी माणूस ठाण्यात लवकर उरकतो,” ते म्हणतात, “आन् घरी आल्यावर त्येला सगळं आठवतं.” मग त्याला ओट्यावर बसवून तीनदा सांगायला लावतात. पहिल्यांदा रडून सांगायचं. दुसऱ्यांदा शिव्या देऊन सांगायचं. हे दोन्ही होईपर्यंत साडू अडकित्त्यानं सुपारी कातरत बसतात, ऐकतात की नाही याचा पत्ता लागत नाही. तिसऱ्यांदा सांगताना माणसात रडणंही उरलेलं नसतं आणि शिव्याही संपलेल्या असतात. तेव्हा ते अडकित्ता खाली ठेवतात आणि म्हणतात, “हां. आता बोल. ह्ये ठाण्यात सांगायचं.” तेवढंच त्यांची नात वहीत उतरवून घेते.

या तिसऱ्या सांगण्यात ते माणसाला सोलून काढतात. कवा? अंदाजे चालत नाही. घड्याळ बघितलं नव्हतं? मग मुक्कामी एसटी आली होती का? नळाला पाणी होतं का? सावली ओट्याच्या कुठल्या पायरीवर होती? असं करत करत ते माणसाला पाच-दहा मिनिटांच्या फरकानं नेमक्या वेळेवर आणून बसवतात. आणि कुणावर संशय म्हटलं की एकच प्रश्न, “डोळ्यानं बघितलंस?” आमच्या शिवारातल्या एका शेतकऱ्याची पाण्यातली मोटार गेली. तो ओट्यावर आला तोच चुलतभावाचं नाव घेत आला. बांधावरून वैर होतं. साडूंनी विचारलं, “डोळ्यानं?” तो म्हणाला, “डोळ्यानं न्हाय, पर दुसरं कोण आसणार?” साडू उठले आणि आंघोळीला गेले. आंघोळ करून आले, तो अजून नाव धरून बसलेला. साडू पुन्हा आंघोळीला गेले. त्या दिवशी साडूंनी तीन आंघोळी केल्या, तेव्हा कुठं त्यानं ते नाव सोडलं. संध्याकाळी त्याचा मुलगा बार्शीहून आला. मोटार त्यानंच दुरुस्तीला, रिवायंडिंगला टाकली होती आणि बापाला सांगायचं विसरला होता. आज ते दोघे चुलतभाऊ एकाच पाइपावर भिजवतात. मी ‘भाऊबंदकी’ या विषयावर तीस वर्षं निबंध लिहून घेतले, एकाही बांधावर त्याचा उपयोग झाल्याचं माझ्या कानावर नाही.

ठाण्यात जायचीही त्यांची शिस्त आहे. इस्त्रीचा नसला तरी धुतलेला सदरा. आधार कार्डाची झेरॉक्स. दोन पेनं, “एक आपल्याला, एक सायबाचं चालंना तर सायबाला.” लिहून झालं की ‘वाचून दाखवा साहेब’ म्हणायचं, वाचून झाल्याशिवाय सही करायची नाही, आणि निघताना नक्कल मागायची, ती फुकट असते. एवढं सगळं शिकवून ते फिर्यादीबरोबर ठाण्यापर्यंत जातात आणि बाहेरच्या लिंबाखालच्या बाकावर बसतात. आत पाय टाकत नाहीत. “फिर्याद ज्येची त्येनंच सांगायची,” म्हणतात. आतले हवालदार त्यांना चहा बाहेर पाठवतात. मला तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या कचेरीतून चहा बाहेर आलेला आठवत नाही.

बरं, ही नजर चोरीपुरती असती तरी मी सोसलं असतं. सोनारीला भैरवनाथाच्या दर्शनाला आम्ही दोन्ही जोडपी गेलो होतो. बाहेर आलो तर माझ्या चपला नाहीत. मी प्रसादाच्या दुकानदाराला म्हणालो, “माझ्या चपला बघितल्या का?” तो म्हणाला, “कशा व्हत्या?” मी म्हणालो, “चांगल्या होत्या.” साडू पुढं झाले. “तपकिरी, नऊ नंबर, उजव्या अंगठ्याला काळा दोरा, टाच आतल्या बाजूनं झिजलेली.” दुकानदारानं टोपलीखालून काढून दिल्या; वानर ओढत होतं म्हणून त्यानं झाकून ठेवल्या होत्या. परत येताना बायको अर्धा रस्ता एकच वाक्य म्हणत होती. “चपला तुमच्या, पर ध्यान दाजींचं.” माझ्या पायातल्या चपलासुद्धा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, याचा राग कुणावर काढायचा ते मला कळेना, म्हणून मी वानरावर काढला.

तेव्हा मी ठरवलं, ही विद्या शिकायची आणि साडूंच्या पुढं जायचं. सरळ विचारावं तर मान खाली घालावी लागणार. त्यांच्या ओट्यामागं गोठ्याची भिंत आहे आणि भिंतीला लागून कडब्याची गंजी. गंजी आणि भिंत यांच्या बेचक्यात एक माणूस उभा राहू शकतो, वही हातात धरून. हे मला कसं माहीत, ते आता सांगतो.

बायकोकडे बिजली नावाची शेळी होती. आमच्याकडची शेळी म्हणजे काळीभोर, डोक्यापासून शेपटापर्यंत काळी, बाजारात शंभर उभ्या केल्या तर शंभर सारख्या. बिजली बायकोच्या आईनं दिलेल्या शेळीच्या वंशातली. आई गेली त्याला सहा वर्षं झाली. आईचं म्हणून बायकोकडे जे जितंजागतं उरलं होतं ते बिजली. नुकतीच व्यालेली, दोन करडं, महिन्याचीही नसतील. त्या मंगळवारी बायकोला ईटला भाचीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. जाताना करडं तिनं घरात डालग्याखाली डालली आणि मला म्हणाली, “बिजलीला बांधावरच्या बाभळीला बांधलंय. चरू द्या, पर तिला सोडून हालू नका. रस्त्याकडचं रान हाय.” मी म्हणालो, “मी काय लहान आहे?”

दोनच्या सुमाराला समोरून केबल चोरीला गेलेला एक माणूस साडूंच्या घराकडे जाताना दिसला. मी बिजलीकडे बघितलं. ती निवांत पाला खात होती. मी म्हटलं, जाऊन येतो पाच मिनिटांत. त्या माणसानं शिव्या द्यायलाच चाळीस मिनिटं घेतली. पण तिसरं सांगणं सुरू झालं आणि मी भान हरपून वहीत उतरवत राहिलो; प्रश्न कसा विचारायचा, कुठं थांबायचं, सगळं. अशी तन्मयता मला कॉलेजातही लाभली नव्हती. परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाभूळ होती, दोर होता. चोरीची फिर्याद कशी द्यावी हे मी शिकत असताना माझी शेळी चोरीला गेली होती.

आता साडूंकडे कोणत्या तोंडानं जायचं? मी एकटाच तालुक्याला गेलो. रात्रीत चार पानी फिर्याद लिहून नेली होती. त्यात संधिप्रकाश होता, मुक्या जिवाची व्यथा होती, करडांचा आक्रोश होता. ठाण्यातल्या तरुण हवालदारानं ती चारही पानं मन लावून वाचली, पाणी दिलं आणि विचारलं, “शेळी कशी व्हती, गुरुजी?” मी म्हणालो, “काळी.” “खूण?” मी म्हणालो, “डोळे फार बोलके होते.” त्यानं पेन थांबवलं. मग म्हणाला, “शेवटी कधी पाहिली?” आणि इथं माझी जीभ घसरली. दोन वाजता म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही कुठं होता? मी म्हणालो, “चार वाजता. मी समोरच होतो. पाणी प्यायला वळलो आणि नाहीशी झाली.”

हवालदार दुसऱ्या दिवशी जागा बघायला येतो म्हणाले. साहेब येणार म्हटल्यावर मी पहाटे उठून बाभळीखाली झाडून काढलं, पाणी मारलं, दोन खुर्च्या मांडल्या. तीस वर्षांची सवय. तपासणीला अधिकारी येणार की आधी मैदान झाडायचं. हवालदार आले, स्वच्छ जमिनीकडे बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, गाडीचे टायर, चपलांचे ठसे, काहीच ठेवलं नाही तुम्ही.” खुर्चीवर कुणी बसलं नाही. फाट्यावरच्या दूध डेअरीला कॅमेरा होता. त्यांनी चार ते पाचमधलं सगळं बघितलं. शाळेची पोरं दिसली, एसटी दिसली. शेळी दिसली नाही.

असे तीन दिवस गेले. बायको करडांना बाटलीनं दूध पाजत होती. एक पीत होतं, दुसरं तोंड फिरवत होतं आणि तिच्या पदराला ढुशा देत होतं. रविवारी शेळ्यांचा मोठा बाजार; एकदा तिथून ट्रकमध्ये चढली की बिजली कुठल्या मुलखात जाईल याला पत्ता नाही. बायकोनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साडू दोनदा दारावरून गेले, दोन्ही वेळा जरा थबकले, आणि दोन्ही वेळा मी पेपर तोंडापुढं धरला. शुक्रवारी सकाळी तोंड फिरवणारं करडू उठलंच नाही, नुसतं मान टाकून पडलं. बायकोनं ते उचलून पदरात घेतलं आणि दारात उभी राहिली. “मी दाजींकडं चाललेय. तुमी येताव का न्हाय?”

साडूंनी आधी भाकरी पुढं ठेवली. मग म्हणाले, “सांगा गुरुजी. रडून.” मला रडू येईना. मी म्हणालो, “परवाच्या त्या करुण प्रसंगी…” साडूंनी हात वर केला. मी थांबलो, आणि तेव्हा मला शेजारून आवाज आला. बायको रडत होती, करडाच्या पाठीत तोंड खुपसून. साडू सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “आता शिव्या.” मी म्हणालो, “तो नराधम, तो पाषाणहृदयी…”

“गुरुजी,” साडू म्हणाले, “ह्यो चोराचा सत्कार चाललाय का?”

नात फिसकन हसली. बायकोनं मात्र पदर सावरून दोन मिनिटांत चोराच्या सात पिढ्या काढल्या. एवढं शब्दभांडार तिच्याकडे असेल असं मला वाटलं नव्हतं. मग साडूंनी अडकित्ता खाली ठेवला.

“बिजलीला शेवटी कवा बघितलं?”

“चार वाजता.”

“शाळा सुटली व्हती?”

“हो.”

“मंग पोरं त्याच बांधावरनं गेली आसतील. गुरुजी दिसले की नमस्ते केल्याबिगर जात न्हाईत. कोण कोण गेलं?”

साडू वाट बघत होते. बायको माझ्याकडे बघत होती. करडाचा श्वास ऐकू येत होता. मला चार पानं लिहिता येत होती, पण त्या एका प्रश्नाला एक नाव मला रचता येईना. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “दोनला बघितली. दोन ते साडेतीन मी तिथं नव्हतो. मी तुमच्या कडब्यामागं उभा होतो. तुम्ही कसं विचारता ते चोरून ऐकत होतो.”

बायकोनं करडू पदराखाली ओढून घेतलं. मला वाटलं, आता साडू हसतील, आणि उद्या सगळा ईटचा बाजार हसेल.

“मला म्हाईत हाय,” साडू म्हणाले. “कडब्यावरनं तुमची टोपी दिसत व्हती. म्हणून तर त्या दिशी म्या मोठ्यानं बोलत व्हतो. म्हणलं, गुरुजींस्नी नीट ऐकू जाऊ दे, त्येंच्या वहीत उतरू दे. माझ्यामागं कुणीतरी पायजेच की. पर बिजली तुमच्यावर टाकली व्हती, ह्ये मला काय म्हाईत. आसतं तर तवाच हाकललं आसतं तुमाला.”

मी विचारलं, “मग दारावरून दोनदा गेलात, आत का नाही आलात?”

“फिर्याद ज्येची त्येनंच सांगायची.” त्यांनी सुपारीचं खांड हातात घोळवलं. “लगीन झालं त्या साली माझा बैल गेला. म्या ठाण्यात गेलो. सायेब चांगला व्हता, बसवलं, इचारलं. म्या नुसताच रडलो. दुसऱ्या दिशी गेलो, नुसत्याच शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा जायचं धाडस झालं न्हाय. बैल त्याच आठवड्यात बार्शीच्या बाजारात बघितला म्हणून मागनं कळलं. तवापास्नं म्या आत जात न्हाय, बाहीरच बसतो. पर तिसऱ्यांदा सांगायला माणूस आत गेला पायजे.”

साडूंना त्या ओट्यावर मी चाळीस वर्षं बघत होतो. हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुपारच्या एसटीनं आम्ही तिघं तालुक्याला गेलो. साडू लिंबाखाली बसले. आत त्याच हवालदारानं पुरवणी जबाब लिहून घेतला. बिजलीच्या डाव्या कानाला तारेची चीर होती आणि उजवं शिंग टोकाला फुटकं होतं, हे बायकोनं सांगितलं. साडूंनीही ते एसटीत मला आधीच पाठ करायला लावलं होतं. म्हणजे घरात दोन वर्षं वावरणाऱ्या शेळीचा कान माझ्या बायकोला आणि साडूंना माहीत होता, मला नव्हता. हवालदारानं जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. ‘सदर वेळी मी माझे साडू यांचे कडब्याचे गंजीमागे उभा होतो.’ माझ्या चार पानांमधलं एक अक्षर कुणाच्या उपयोगी पडलं नाही. या आठ ओळींवर मी सही केली आणि नक्कल मागून घेतली. ती अजून माझ्या कपाटात आहे.

कॅमेऱ्यात पावणेतीनला मोटारसायकल दिसली, दोघांच्या मध्ये पोतं, पोत्यातून एक फुटकं शिंग बाहेर. रविवारी सकाळी बाजारात पोलिसांनी बिजली ओळखली, काळ्या शंभरांतून, कानावरून. घरी आणली तेव्हा तिचं दूध निम्मं आटलं होतं. मान टाकलेलं करडू शनिवारीच गेलं होतं. दुसरं धावत येऊन तिच्या पोटाखाली शिरलं. बायकोनं पहिला चहा साडूंना दिला, दुसरा हवालदारांना, आणि तिसरा बराच वेळ हातात धरून माझ्यापुढं ठेवला. मेलेल्या करडाचं ती मला आजपर्यंत एका शब्दानं बोललेली नाही.

दारावरची पाटी मी त्याच दिवशी काढली. सोमवारी जाऊन साडूंच्या ओट्यावर बसलो, समोर, उघडपणे, वही घेऊन.

आता साडूंना ऐकायला फार कमी येतं. कानाचं मशीन लावलं की शिट्टी वाजते म्हणून ते काढून ठेवतात. तिसरं सांगणं आता मी घेतो. साडू भिंतीला टेकून, सुपारी कातरत, डोळे मिटून बसतात. मी एखादा प्रश्न विसरलो तर अडकित्ता थांबतो, आणि मला कळतं. ठाण्यापर्यंत आता फिर्यादीबरोबर मीही जातो, बाहेर साडूंच्या शेजारी बसतो. चहा अजून लिंबाखालच्या बाकावरच येतो, साडूंसाठी. माझ्यासाठी येत नाही. काम झालं की माणसं आधी त्यांच्या पाया पडतात, मग माझ्याकडे बघून मान हलवतात. मला अजून हेवा वाटतो.

फक्त तिसऱ्यांदा माणूस बोलायला लागला की मी प्रश्न जरा मोठ्यानं विचारतो, आणि त्यानं दिलेलं उत्तरही पुन्हा मोठ्यानं म्हणून घेतो. गावात आता पसरलंय की गुरुजींचे कान गेले. मी कुणाला काही सांगत नाही.